टीव्हीला एव्ही एकच, यंत्रं पाच: सिलेक्टर बॉक्स घेण्याआधी

आमच्या अमळनेरच्या घरी अजून २१ इंची ट्यूबवाला टीव्ही चालू आहे आणि त्याला मागे एव्हीची, म्हणजे चित्र-आवाजाच्या वायरींची, जागा एकच आहे. दादा सुरतेला कामाला गेला तेव्हा त्याचे सगळे गेम माझ्याकडे ठेवून गेला. शाळेत असताना घेतलेला कॅसेटवाला टीव्ही गेम, सेगाचा मेगा ड्राइव्ह २, प्लेस्टेशन १ आणि पहिल्या पगारातून घेतलेला प्लेस्टेशन २. त्यात आमचा डीव्हीडी प्लेअर. मे महिन्यात भाचरं आली की दिवसातून दहा वेळा टीव्ही पुढे ओढायचा, एका गेमच्या पिना काढायच्या, दुसऱ्याच्या खोचायच्या. दोन सुट्ट्यांत टीव्हीचं पिवळं सॉकेट सैल झालं. आत बोर्डावरचा टाका सुटला होता. मी तो पुन्हा सोल्डर केला आणि त्याच आठवड्यात सिलेक्टर बॉक्सच्या, म्हणजे सगळे गेम एकदाच जोडून हवा तो एक टीव्हीला देणाऱ्या डबीच्या, शोधाला लागले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मोजल्याशिवाय वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही ही सवय तिथली. तरीही पहिला बॉक्स मी न मोजता, फोटो बघून मागवला आणि तो चुकला. दुसरा नीट बघून घेतला, तो आजही चालतो. ज्यांच्या घरी जुने गेम जपून ठेवलेत त्यांना माझ्यासारखं दोनदा पैसे घालावे लागू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा. सिलेक्टर बॉक्स चित्र सुधारत नाही आणि सिग्नलचा प्रकारही बदलत नाही. ज्या जातीचा सिग्नल आत जातो, त्याच जातीचा बाहेर येतो. म्हणून दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मागे आणि प्रत्येक गेमच्या मागे बॅटरी मारून बघा आणि वहीत लिहून काढा.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक गेमपुढे त्यातून निघणारी वायर कोणती ते लिहा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती लाल-पिवळी-पांढरी असते. पिवळीतून चित्र, पांढरीतून डावा आवाज, लालमधून उजवा. या पिवळीतल्या सिग्नलला कंपोझिट म्हणतात, कारण उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेत मिसळलेले असतात. कॅसेटवाल्या गेमला बहुधा दोनच पिना असतात, पिवळी आणि एक आवाजाची, कारण त्याचा आवाज मोनो, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा नसलेला. स्टिरिओ टीव्हीवर तो एकाच बाजूने ऐकू येतो. त्यासाठी एकातून दोन निघणारी वाय पिन लावली तर चालते.

काही जुन्या कॅसेटवाल्या गेमना एव्ही सॉकेट नसतंच, फक्त अँटेनाची वायर असते. टीव्हीवर चॅनल शोधून गेम पकडायचा, तो प्रकार. असा गेम लाल-पिवळ्या सॉकेटच्या बॉक्सला जोडता येत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. घरात चालू व्हीसीआर असेल तर गेमची अँटेना वायर व्हीसीआरच्या अँटेना इनपुटला द्या, व्हीसीआरवर चॅनल लावा आणि व्हीसीआरचं एव्ही आउटपुट सिलेक्टरला न्या. व्हीसीआरमधला ट्यूनर अँटेनाच्या सिग्नलमधून चित्र आणि आवाज वेगळे काढून देतो. दुसरा उपाय म्हणजे, पुष्कळशा गेममध्ये अँटेनाच्या पत्र्याच्या डबीकडे जाण्याआधी चित्र आणि आवाज वेगवेगळेच असतात, ते टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून बाहेर काढून घ्यायचे. आमच्या कॅसेटवाल्याला दादाने पूर्वीच तसे सॉकेट बसवून घेतले होते, त्यामुळे माझं काम वाचलं.

मेगा ड्राइव्हच्या मागे गोल, बारीक पिनांचं सॉकेट असतं आणि त्याची वायर वेगळी मिळवावी लागते. दुसऱ्या मॉडेलला नऊ पिनांचं, पहिल्याला आठ पिनांचं मोठं, म्हणून मागवताना मॉडेल सांगा. पहिल्या मॉडेलच्या मागच्या सॉकेटमधून आवाज मोनोच येतो, स्टिरिओ हवा तर पुढच्या हेडफोनच्या भोकातून घ्यावा लागतो. प्लेस्टेशन १ आणि २ ची एव्ही वायर मात्र एकच, कोणतीही कोणालाही लागते.

प्लेस्टेशन २ मधून कंपोनंटही मिळतं. हिरवी, निळी, लाल अशा तीन पिना फक्त चित्राच्या आणि आवाजाच्या दोन वेगळ्या, म्हणजे एकूण पाच. तुमच्या टीव्हीला मागे ही तीन रंगांची सॉकेट असतील तर ती जरूर वापरा. फरक डोळ्यांना दिसतो, लाल रंग पसरत नाही आणि बारीक अक्षरं वाचता येतात. पण मग सिलेक्टरही दर जागेला पाच सॉकेट असलेला लागतो. तो मिळाला नाही तर साध्या, पॉवर न लागणाऱ्या बटणवाल्या सिलेक्टरचे दोन नग घ्या. एकातून हिरवी-निळी-लाल न्या, दुसऱ्यातून आवाज. अशा बॉक्सच्या आत पिवळं, पांढरं आणि लाल सॉकेट सारखंच असतं, रंग फक्त आपल्या ओळखीसाठी असतो. मात्र दर वेळी दोन बटणं दाबावी लागतील. प्लेस्टेशन २ च्या सेटिंगमध्ये कंपोनंटसाठी आरजीबी आणि वायपीबीपीआर असे दोन पर्याय दिसतात, त्यातला दुसरा ठेवा. नाहीतर चित्र भलत्याच रंगात दिसेल आणि तुम्ही बिचाऱ्या बॉक्सला दोष द्याल.

उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून नेणाऱ्या एस-व्हिडिओचं गोल चार पिनांचं सॉकेट पुष्कळ बॉक्सवर असतं. इथे माझे पहिले पैसे गेले. मला वाटलं, एका गेमचं एस-व्हिडिओ आत दिलं की बॉक्स ते पिवळ्या आउटपुटमधून काढून देईल. देत नाही. एस-व्हिडिओ आत दिलं तर टीव्हीपर्यंत एस-व्हिडिओचीच वायर न्यावी लागते. माझ्या टीव्हीला ते सॉकेटच नाही. पडदा काळा आणि आवाज सुरू, असं दिसलं तर हेच कारण समजा.

परदेशातली माहिती वाचताना तुम्हाला २१ पिनांच्या स्कार्टबद्दल फार वाचायला मिळेल. युरोपात टीव्हीला ते सर्रास असायचं. आपल्याकडच्या टीव्हीला सहसा नसतं, म्हणून ते बॉक्स बघून मोहात पडू नका.

शेवटी आकडा. जेवढी यंत्रं आहेत त्याहून एक जागा जास्त असलेला बॉक्स घ्या. चार जागांच्या बॉक्सला पाचवा गेम जोडायला दुसरा बॉक्स लावता येतो, दुसऱ्याचं आउटपुट पहिल्याच्या एका इनपुटात द्यायचं. पण प्रत्येक बॉक्सबरोबर पिना आणि संपर्क वाढतात, म्हणून या मागच्या बॉक्सवर कमी खेळले जाणारे गेम ठेवा.

नुसत्या वायरी एकत्र जोडल्या तर?

गल्लीतले जिभाऊ एकदा बोलवायला आले. "ताई, गेम लागस पन बठ्ठं काळंकाळं दिखस." जाऊन बघितलं, तर त्यांच्या नातवाने दोन गेमच्या पिवळ्या पिना वाय पिनने एकत्र करून टीव्हीला दिल्या होत्या. आवाजासाठी वाय पिन चालते असं मी वर लिहिलं आहे, मग चित्रासाठी का नाही?

चित्राचा सिग्नल ७५ ओहम अवरोधाच्या हिशोबाने बांधलेला असतो. गेमच्या आत ७५ ओहम आणि टीव्हीच्या आत ७५ ओहम, अशी जोडी जमली की टीव्हीला बरोबर १ व्होल्टचा सिग्नल मिळतो. तिथे दुसरा गेम लटकवला की तो बंद असला तरी त्याचे ७५ ओहम भार म्हणून बसतात आणि टीव्हीला साधारण दोन तृतीयांशच सिग्नल पोहोचतो. चित्र काळवंडतं, कधी उभं राहत नाही, गुंडाळत जातं. आणि दोन्ही गेम चालू असतील तर दोन्हींची चित्रं एकमेकांत मिसळतात. आवाजाच्या इनपुटचा अवरोध हजारो ओहम असतो, त्यामुळे एक आवाज दोन ठिकाणी दिला तर त्याला काही जाणवत नाही. सिलेक्टर बॉक्सचं सगळं काम एवढंच, की हवा तो एक गेम जोडायचा आणि बाकीचे पूर्ण तोडायचे. जिभाऊंना मी वाय पिन काढून दिली आणि त्याच क्षणी पडदा उजळला.

बटणाचा की आपोआप बदलणारा

बटणाचा साधा बॉक्स म्हणजे आत नुसते धातूचे संपर्क. त्याला वीज लागत नाही, तो चित्र उशिरा पोहोचवत नाही, आणि बिघडला तर उघडून साफ करता येतो. आपोआप बदलणाऱ्या बॉक्सला अडॅप्टर लागतो, कुठल्या इनपुटवर सिग्नल आला ते ओळखून तो स्वतःच तिकडे वळतो. चांगल्या प्रतीच्या बॉक्समध्ये सिग्नलला बळ देणारा बफरही असतो, तो लांब वायरींना उपयोगी पडतो.

माझा पहिला बॉक्स आपोआप बदलणारा होता. एस-व्हिडिओची अडचण सांगितलीच, दुसरी अशी की मी त्याच्या एका जागेवर केबलचा सेट-टॉप बॉक्सही जोडला होता. सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस काही ना काही चित्र पाठवत राहतो. मेगा ड्राइव्ह चालू केला की दोन मिनिटांनी पडद्यावर बातम्या. भाची ओरडली, "फुई, मन्हा गेम कुठे गया?" घरात कायम चालू राहणारं एखादं यंत्र जोडायचं असेल, तर माझा सल्ला बटणाच्या बॉक्सचाच. टीव्हीच्या मागे हात न पोहोचणारी वयस्कर माणसं खेळणार असतील आणि सगळी यंत्रं वापरून झाली की बंद होत असतील, तर आपोआप बदलणारा सोयीचा आहे. आपल्याकडे वीज येते-जाते. वीज परत आल्यावर तो कुठल्या इनपुटवर जाऊन थांबतो ते घेतानाच विचारा.

बटणाच्या बॉक्समध्ये असा घ्या, की एक बटण दाबल्यावर आधीचं खाडकन वर येतं. दोन बटणं एकदम अर्धवट दाबून बघा. दोन्ही आत राहत असतील तर तो बॉक्स खाली ठेवा, कारण मग वर सांगितलेला वाय पिनचाच प्रकार बॉक्सच्या पोटात घडतो. सॉकेटची बाहेरची कडी बोटाने हलवून बघा. ती प्लास्टिकवर नुसती चिकटवलेली असेल तर वर्षभरात हलायला लागते. पाठीमागे सॉकेट एकमेकांना फार खेटून असतील तर जाड पिना शेजारी शेजारी बसत नाहीत, म्हणून घरची एक वायर खिशात घालून न्या आणि दुकानातच खोचून बघा. पिन घट्ट बसली पाहिजे, पण काढताना सॉकेट तिच्याबरोबर बाहेर ओढलं जाता कामा नये.

मल्टीमीटरने तपासणी

दुसऱ्या खेपेला मी सुरत-भुसावळ गाडीने जळगावला गेले आणि गोलाणी मार्केटमध्ये पर्समधून मल्टीमीटर काढला. दुकानदार भाऊंनी कौतुकाने स्टूल दिलं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि फक्त वीज न लागणाऱ्या बॉक्सला लागू होते.

मीटर टीं-टीं वाजणाऱ्या खुणेवर ठेवा. बॉक्सला काही जोडलेलं नको. पहिलं बटण दाबा, एक टोक पहिल्या इनपुटच्या पिवळ्या सॉकेटच्या मधल्या भोकात, दुसरं आउटपुटच्या पिवळ्याच्या भोकात. वाजायला हवं. आता मीटर ओहमवर घ्या. मीटरच्या वायरींचाच स्वतःचा थोडा अवरोध असतो, तो दोन टोकं एकमेकांना लावून आधी मोजा आणि वजा करा. उरलेला आकडा १ ओहमच्या आत असावा. तसंच धरून बटण बोटाने हलकं हलवा. आकडा उड्या मारत असेल तर पुढे चित्रही तशाच उड्या मारेल. मग दुसरं बटण दाबा आणि पुन्हा पहिल्या इनपुटशीच मोजा. आता अजिबात वाजता कामा नये. शेवटी मधलं भोक आणि बाहेरची कडी यांत मोजा, तिथेही शांतता हवी. सगळ्या कड्या एकमेकींशी मात्र वाजतात. तो दोष नाही, अर्थिंग सगळ्यांचं एकच असतं.

तीन बॉक्स मोजले. पहिल्यात तिसऱ्या बटणाचा पांढरा संपर्क ४० ओहमपर्यंत चढत होता. दुसरा ठीक होता पण कडी हलत होती. तिसरा, पत्र्याच्या पेटीतला, ३५० रुपयांना घेतला. प्लास्टिकपेक्षा पत्रा बरा, कारण बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून तो थोडा आडोसा देतो.

घरी आल्यावर एक परीक्षा जरूर करा, मीटरने ती होत नाही. दोन गेम एकाच वेळी चालू करा. एक बटण दाबा आणि त्या गेममध्ये काळा पडदा येईल अशा जागी थांबा. त्या काळ्यावर दुसऱ्या गेमची पुसट सावली तिरपी किंवा वरखाली सरकताना दिसली, तर बॉक्सच्या आत सिग्नल एकमेकांत झिरपतो आहे. थोडी सावली असेल तर न खेळणारा गेम बंद ठेवला की झालं. ठळक असेल तर बॉक्स बदलून घ्या. तसंच पडद्यावर पांढरी अक्षरं आली की स्पीकरमधून घरघर येत असेल, तर चित्राची वायर आवाजाच्या वायरीत शिरते आहे. बहुतेक वेळा दोष बॉक्सचा नसतो, बारीक, जाळी विरळ असलेल्या स्वस्त वायरीचा असतो. आधी वायर बदलून बघा.

जोडताना

पिना खोचताना टीव्ही आणि सगळे गेम बंद ठेवा, अडॅप्टरही भिंतीतून काढा. या पिनेची मधली सळई आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर. दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या यंत्रांच्या कडीवर हलकी गळती असते, बोटाला ती झिणझिणी म्हणून कळते. चालू असताना पिन खोचली की कडी टेकण्याआधी ती मधल्या सळईतून आत शिरते, आणि तीस वर्षांच्या गेमची आतली चिप आता कुठे मिळायची?

अडॅप्टरचीही गल्लत होऊ देऊ नका. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलचा अडॅप्टर मध्ये ऋण आणि दुसऱ्याचा मध्ये धन असतो. कॅसेटवाल्यांचं तर ज्याचं त्यालाच ठाऊक. मी प्रत्येक अडॅप्टरवर पांढरी चिकटपट्टी लावून गेमचं नाव लिहिलं आहे आणि बॉक्सच्या बटणांवरही लहान मुलांसाठी खुणा केल्या आहेत, कॅसेटचं चित्र, त्रिकोण, गोल.

पडद्यावर रुंद आडवे पट्टे सावकाश सरकत असतील तर केबलची वायर काढून बघा. पट्टे गेले तर केबलचं अर्थिंग आणि घरचं अर्थिंग यांत फरक आहे. खेळताना ती वायर काढून ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय. इन्व्हर्टरवर चालवताना असेच पट्टे किंवा घुरघुर आली आणि सरकारी विजेवर गेली, तर कारण इन्व्हर्टरची वीज आहे.

नवीन टीव्ही असेल तर

एलईडी टीव्हीला मागे तीन सॉकेट नसून एकच हेडफोनसारखं भोक असू शकतं. त्याची वायर मिळते, पण त्यात पिनांची मांडणी वेगवेगळी असते. चित्राच्या जागी गुरगुर ऐकू आली तर पिवळी पिन लालमध्ये खोचून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच जमतं. भोकच नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी लागते. ती सिलेक्टरच्या पुढे एकच लावा, प्रत्येक गेमला वेगळी नको. स्वस्त डबीने चित्र पुसट होतं आणि बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत उशीर होतो. जुन्या गेमसाठी खास बनवलेली रेट्रोटिंकसारखी यंत्रं तो उशीर जवळजवळ येऊ देत नाहीत, पण ती महाग आहेत. कॅसेटवाल्या गेमची बंदूक मात्र ट्यूबच्या टीव्हीवरच लागते. ट्यूबवर प्रकाशाचा ठिपका ज्या क्षणी उमटतो त्यावर तिचं सगळं गणित आहे. बदकं मारायची असतील तर जुना टीव्ही भंगारात देऊ नका.

आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ

आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पावसाआधीच्या वावधानात बंद खोलीतही मातीचा थर बसतो. ट्यूबच्या टीव्हीचं डोकं तापतं, त्यावर बॉक्स ठेवू नका. मी तो बाजूच्या फळीवर, बटणं वर न ठेवता समोर येतील असा उभा ठेवला आहे, म्हणजे धूळ फटीत पडत नाही. न वापरलेल्या सॉकेटांना जुन्या पिनांच्या प्लास्टिकच्या टोप्या घातल्या आहेत.

पावसाळ्यानंतर संपर्कांवर काळपट थर येतो आणि चित्र मधूनच करडं होतं किंवा एक बाजूचा आवाज जातो. तेव्हा सगळं बंद करून प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा दाबा. घासून थर निघतो. नाही निघाला तर बटणाच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, पुन्हा दाबणं, आणि अर्धा तास वाळू देणं. सॉकेटची कडी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसते. खोबरेल किंवा शिलाई यंत्राचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

गेल्या दिवाळीत दादा आला होता. त्याने मेगा ड्राइव्हचं बटण दाबलं, गेम लागला, आणि तो टीव्हीमागे वाकून वायरी बघायला गेला. मागे पाच वायरी फळीच्या कडेला दोऱ्याने बांधलेल्या होत्या आणि टीव्हीत एकच जात होती. "हाई बेस करं तू," म्हणाला, आणि दुसरं रिमोट घ्यायला मला हाक मारली.